गावे महापालिकेत आली, त्यांच्या मोकळ्या जागा कुठे आहेत?

३० जून २०२१ रोजी राज्य सरकारने २३ गावे पुणे महापालिकेत घातली. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, वाघोली, मांजरी, नऱ्हे, नांदेड, खडकवासला अशी ही यादी. एका अधिसूचनेने पुणे क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली आणि मथळे त्याचेच झाले. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच दुसरा आदेश निघाला. याच २३ गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, काम पाहील. तेव्हा महापालिकेत भाजप होता आणि मंत्रालयात महाविकास आघाडी. आदेशामागचे गणित समजायला याहून जास्त माहिती लागत नाही.

दोन आदेशांतून एक विचित्र वाटणी झाली. पाणी, ड्रेनेज, कचरा, दिवाबत्ती महापालिकेने द्यायची. विकास आराखडा आणि बांधकाम परवानग्या पीएमआरडीएकडे, आणि परवानगीबरोबर येणारे विकास शुल्कही त्यांच्याच तिजोरीत. शुल्क कोणाचे यावर वाद झाला, पण पैसा आज ना उद्या इकडून तिकडे वळवता येतो. जागेचे तसे नसते. मोठ्या ले-आउटला मंजुरी देताना विकसकाकडून अ‍ॅमेनिटी स्पेस सोडवून घेतलेली असते, कुठे बागेसाठी, कुठे दवाखान्यासाठी, कुठे मैदानासाठी. ती परवानगी देणाऱ्या संस्थेच्या ताब्यात जाते. हद्द बदलली की ती नव्या संस्थेकडे यायला हवी, आणि गाडी इथेच अडते. ताबा पावती जुन्या संस्थेच्या फायलीत, सातबाऱ्यावर मूळ मालकाचे नाव जसेच्या तसे, जागेवर ना कुंपण ना पाटी. नव्या संस्थेचा उद्यान विभाग म्हणतो, जागा आमच्या नावावर नाही, खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकू? जुनी संस्था म्हणते, हद्द तुमची, राखण तुम्ही करा. तोवर तिथे राडारोडा पडतो, राडारोड्यावर पत्र्याची शेड उभी राहते आणि शेडला वीजमीटरही मिळतो.

हद्दवाढ योग्य की अयोग्य या वादात मला पडायचे नाही. हद्दी बदलत आल्या आहेत, पुढेही बदलतील. माझे म्हणणे असे की कोणतीही हद्द हलवण्याआधी देणाऱ्या आणि घेणाऱ्या स्थानिक संस्थांनी समोरासमोर बसून मोकळ्या जागांचा करार करायला हवा आणि तो लोकांना वाचायला मिळायला हवा. कोणत्या जागा, कोणाच्या नावावर, राखणीचा खर्च कोणाचा, आणि त्या जागेवर पुढे काय करता येणार नाही. आज हे काम मंत्रालयातला आदेश करतो. म्हणजे खरे तर करत नाही, कारण आदेशात गावांची नावे आणि चतुःसीमा असतात. मैदानांची, ओढ्यांची, टेकड्यांची यादी नसते.

ग्रामपंचायतीकडून येणाऱ्या जागांची अवस्था याहून नाजूक. गावची गायराने सरकारच्या मालकीची, पण त्यांची देखभाल ग्रामपंचायतीकडे. गाव महापालिकेत गेले की ग्रामपंचायत बरखास्त होते. मालक मुंबईत, आणि राखणदारच उरत नाही. महापालिकेला ती जागा बागेसाठी हवी असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी करायची, मोजणी करून घ्यायची, मूल्यांकनाची फाईल फिरवायची. अतिक्रमण करणाऱ्याला यातले काहीच करावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवा आणि त्या गावाला परत द्या असे सर्व राज्यांना बजावले. पण गावच गाव राहिले नसेल तर जमीन परत कोणाच्या स्वाधीन करायची, याचे उत्तर विलीनीकरणाच्या कागदावरच हवे.

टेकड्यांच्या बाबतीत पुण्याला याचा जुना अनुभव आहे. १९९७ मध्ये ३८ गावे महापालिकेत आली, त्यांतली १५ नंतर २००१ मध्ये वगळली गेली. उरलेल्या २३ गावांच्या आराखड्यात जवळपास हजार हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे बीडीपीचे, आरक्षण पडले. नागरिकांच्या रेट्याशिवाय ते पडले नसते. जमीनमालकांना मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर, म्हणजे रोख पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याचा निर्णय राज्याने २०१५ मध्ये घेतला, म्हणजे गावे आल्यावर अठरा वर्षांनी. मधल्या काळात टेकड्यांच्या उतारावर काय काय उगवले ते मुंबई-बंगळूर बायपासवरून जाणाऱ्या कोणालाही दिसते. आता गंमत बघा. बावधन खुर्द १९९७ च्या फेरीत आले आणि बावधन बुद्रुक २०२१ च्या. एकीकडे बीडीपी, तर शेजारी प्रादेशिक आराखड्याचा डोंगरमाथा-डोंगरउतार विभाग. टेकड्यांची रांग तीच, पण नियम वेगळे, परवानगीचे टेबल वेगळे आणि मोबदल्याचे गणितही वेगळे. खुर्द आणि बुद्रुक यांतले हे अंतर टेकडीने २४ वर्षे सोसले.

त्यात कायद्याचे घड्याळ चालूच असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत की आरक्षण व्यपगत होते. मालकाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्य आहे, कोणाची जमीन जन्मभर अडकवून ठेवता येत नाही. पण नियोजन एका संस्थेकडे, तिजोरी दुसरीकडे आणि नोटीस पोचली तिसऱ्याच टेबलावर अशी स्थिती असेल, तर ते २४ महिने कधी सरले हे कळतही नाही. हद्द बदलली म्हणून हे घड्याळ थांबेल असे कायद्यात कुठे लिहिलेले नाही.

पाण्याने हा हिशेब सर्वांत निष्ठुरपणे मांडला आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली, टांगेवाले कॉलनी, अरण्येश्वर भागात भिंती कोसळल्या, गाड्या काड्यापेट्यांसारख्या एकमेकींवर चढल्या. नंतरची चर्चा शहरातल्या ओढ्यापुरती राहिली: पात्र किती अरुंद झाले, कोणाची सोसायटी ओढ्यात आहे, कलव्हर्ट कोणी बुजवले. ती चर्चा गरजेची होतीच. पण ओढा येतो कात्रजच्या डोंगरातून. भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी हा वरचा भाग २०१९ मध्ये महापालिकेच्या हद्दीत नव्हता. डोंगर कोणी आणि किती फोडायचा, नाला कुठून वळवायचा हे एका यंत्रणेच्या कक्षेत, आणि त्याचे पाणी ज्यांच्या घरात शिरणार ते दुसऱ्या यंत्रणेचे मतदार. वरच्या बाजूला एक मैदान किंवा एक पाझर तलाव राखला तर फायदा खालच्यांना. मग तो राखायचा खर्च वरच्या संस्थेने का करावा? हा प्रश्न स्वार्थी वाटतो, पण अंदाजपत्रक करणाऱ्या माणसाचा तो साधा व्यावहारिक प्रश्न आहे आणि त्याला उत्तर द्यायला आपल्याकडे व्यवस्था नाही.

(नानासाहेब पेशव्यांना ही अडचण नव्हती. त्यांनी कात्रजला तलाव बांधून नळाने पाणी शहरात आणले, आणि पर्वतीच्या पायथ्याशी याच ओढ्यावर तळे केले. आजची सारसबाग त्या तळ्याच्या जागेवर आहे. उगमापासून पेठेपर्यंत हुकूम एकाचाच चालायचा. पेशवाई परत आणा असे मी म्हणत नाही, तशी हौस असलेले पुण्यात कमी नाहीत.)

रामनदीची गोष्ट आजची आहे. ती खाटपेवाडीकडून येते, भुकूम, भूगाव, मग बावधन, पाषाण आणि पुढे मुळेला मिळते. भुकूम आणि भूगाव अजूनही महापालिकेबाहेर. तिथे गृहप्रकल्प शहराच्या वेगाने वाढले, ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक मात्र गावाचेच राहिले. मैलापाणी नदीत येते आणि नदी ते पाषाण तलावात आणून सोडते. मग महापालिका तलावातली जलपर्णी काढते, पुढच्या हंगामात पुन्हा काढते. या खर्चाला प्रशासकीय मान्यता सहज मिळते. तोच पैसा वर भूगावात मैलाशुद्धीकरण केंद्राला दिला तर? महापालिकेचा निधी हद्दीबाहेर खर्चायचा म्हणजे वेगळा ठराव लागतो, लेखापरीक्षक आक्षेप काढतो, आणि नगरसेवक विचारतो की माझ्या प्रभागातले रस्ते सोडून तुम्ही मुळशी तालुक्यात काय करताय. गंमत म्हणजे पाणी आणायचे असते तेव्हा यातला एकही आक्षेप टिकत नाही. भामा आसखेड धरण खेड तालुक्यात आहे. तिथून जलवाहिनी टाकून आपण पूर्व पुण्याला पाणी आणलेच. घ्यायला हद्द आड येत नाही, राखायला येते.

हा प्रश्न जगात इतरांनाही पडला. त्यांतले टोरंटोचे उत्तर मला सर्वांत उपयोगी वाटते. ऑक्टोबर १९५४ मध्ये हेझेल वादळाने ऑन्टारियो प्रांतात ८१ बळी घेतले. हंबर नदीकाठच्या रेमोर ड्राइव्ह या एकाच रस्त्यावर ३५ माणसे मेली. तिथेही एकाच नदीवर अनेक नगरपालिका होत्या. १९५७ मध्ये टोरंटो भागातली चार छोटी संवर्धन प्राधिकरणे एकत्र करून एक केले गेले, आणि त्याची हद्द आखली ती नद्यांच्या पाणलोटावरून. त्या त्या नगरपालिका आपले सदस्य पाठवतात आणि आपला वाटा भरतात. पूररेषेतली वाहून गेलेली घरे पुन्हा बांधू दिली नाहीत. जमिनी विकत घेतल्या. रेमोर ड्राइव्हच्या त्या तुकड्यावर आज उद्यान आहे. मला यातला कळीचा भाग वाटतो तो जमिनीच्या नावाचा: मालकी प्राधिकरणाची, बाग म्हणून देखभाल शहराच्या उद्यान विभागाची, आणि दोघांमध्ये लेखी करार. शहराला बाग मिळाली, पण ती विकायचा किंवा तिथे टॉवर उभा करायचा अधिकार मिळाला नाही. ही व्यवस्था अभेद्य आहे असे नाही. २०२२ मध्ये ऑन्टारियो सरकारने घरबांधणीचा वेग वाढवायचे कारण सांगून या प्राधिकरणांचे बरेच अधिकार काढून घेतले. वरच्या सरकारला जमिनीचा मोह सगळीकडे सारखाच.

आपल्याकडे हे जमणारच नाही असे म्हणणाऱ्यांना मी पीएमपीची आठवण करून देतो. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी झाली, दोन महापालिकांचा हिस्सा ६० आणि ४० टक्के. पीएमपीच्या बसबद्दल चांगले बोलणारा प्रवासी शोधावा लागतो हे मान्य. गाड्या अपुऱ्या, तूट मोठी, आणि तुटीच्या रकमेवरून कुरबुरी. पण निगडीहून कात्रजला जाणारी बस हद्दीवर थांबत नाही, आणि तूट कोणी किती भरायची याचे प्रमाण कागदावर आहे. भांडण होते ते त्या प्रमाणाच्या आत. दोन महापालिका बस एकत्र चालवू शकतात, तर मुळेचा काठ एकत्र का राखू शकत नाहीत? मुळा तर मोठ्या पट्ट्यात दोघींमधली हद्दच आहे. एका काठाचा आराखडा पुण्याचा, समोरच्या काठाचा पिंपरी-चिंचवडचा. एका बाजूने पात्रात भराव पडला तर पाणी दुसऱ्या बाजूला सरकणार, हे कळायला जलतज्ज्ञ लागत नाही.

यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. राज्यघटनेत ती आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३ झेडई प्रमाणे प्रत्येक महानगर क्षेत्रात महानगर नियोजन समिती हवी, आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिका व पंचायतींच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी आपल्यांतूनच निवडायचे. महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ मध्ये कायदाही केला. पुण्यात या समितीची निवडणूक २०२१ च्या शेवटी झाली, आणि काही महिन्यांत, मार्च २०२२ मध्ये, महापालिकांची मुदत संपून प्रशासक बसले. नगरसेवकच नव्हते, तर नगरसेवकांतून निवडलेली समिती कुठून असणार होती? तोवर महानगराचे नियोजन करायला पीएमआरडीए होतीच, जिचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. तिने २०२१ मध्ये प्रारूप आराखडा काढला, तो आक्षेपांत आणि न्यायालयात अडकला आणि अखेर २०२५ मध्ये सरकारने तो रद्द केला. इतकी वर्षे गावे आराखड्याविना वाढली. त्या काळात राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीने अ‍ॅमेनिटी स्पेसची अटही सैल केलेली होती, म्हणजे हाती येणाऱ्या जागाच कमी.

सगळे एकाच मोठ्या महापालिकेत घाला म्हणजे प्रश्न मिटला, असा एक सल्ला नेहमी मिळतो. २०२१ च्या २३ गावांनी त्याचे उत्तर दिले आहे. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची, म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ पसरली ती प्रामुख्याने नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या पट्ट्यात. त्यातली बहुतेक गावे महापालिकेत येऊन साडेतीन वर्षे झाली होती आणि नांदेडच्या विहिरीतले पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून न जाता, नुसते क्लोरीन टाकून घरोघरी पोचत होते. हद्द वाढवणे एका सहीचे काम, जलवाहिनीला वर्षे लागतात. आणि हद्दी उलटही फिरतात. फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ मध्ये आत आली, २०२२ मध्ये बाहेर काढायचा निर्णय झाला, २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे झेललेली ही गावे. डेपोची जमीन, तिथल्या नगररचना योजनांतून मिळणारे रस्ते आणि मैदाने यांचे काय, हा प्रश्न आता दोन संस्थांमधला आहे. करार आधी असता तर तो दोन्ही दिशांना चालला असता.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो टेकडीवरच्या जमीनमालकांचा आहे. शहराच्या फुफ्फुसांसाठी आमची जमीन का, तीही ८ टक्क्यांत? पायथ्याशी गुंठ्याचा भाव काय आणि वर काय, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते. मला त्यांची बाजू पटते. म्हणूनच मोबदल्याचा भार एका महापालिकेवर टाकू नये असे वाटते. टेकडीचा लाभ पाणलोटातल्या सगळ्या संस्थांना मिळतो. मग विकास शुल्कातला ठरावीक हिस्सा पुणे, पिंपरी-चिंचवड आणि पीएमआरडीए या तिघांनी एका सामाईक निधीत टाकावा, आणि संपादन त्यातून रोख व्हावे. रोख पैसे देणाऱ्याला जमीन लवकर नावावर करून घ्यायची घाई असते. टीडीआर कागदावर वाटणाऱ्याला तशी घाई नसते, असा अनुभव आहे.

आणि करारात एक कलम कडक हवे: हस्तांतरित झालेल्या मोकळ्या जागेचा वापर बदलायचा असेल तर घेणाऱ्या संस्थेचा एकटीचा ठराव पुरणार नाही, देणाऱ्या किंवा तिच्या वारसदार संस्थेची संमतीही लागेल. २०२१ मध्येच पुणे महापालिकेत अ‍ॅमेनिटी स्पेस दीर्घ मुदतीने भाड्याने देण्याचा प्रस्ताव आला होता. उत्पन्नाची गरज हे कारण होते, आणि विरोध मोठा झाला. पुढच्या वेळी विरोध करणारे नगरसेवक सभागृहात असतील याची खात्री कोण देणार?

हे सगळे तपासून पाहायची जागा शहराच्या मध्यावर आहे. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग महापालिकेत आणण्याचा केंद्राचा विचार काही वर्षे चालू आहे. नागरी सेवांच्या मालमत्ता विनामूल्य द्यायच्या, पण जिथे लागू असेल तिथे मालकी केंद्राकडेच ठेवायची, अशी केंद्राची भूमिका आहे. म्हणजे बाग महापालिकेकडे आणि बागेखालची जमीन संरक्षण खात्याकडे अशी स्थिती उद्या अनेक ठिकाणी येऊ शकते. त्यातली कोणती मैदाने आणि बागा लोकांना खुल्या राहणार, कोणत्या जागेचा ताबा कोणाकडे, देखभालीचा खर्च पहिली पाच वर्षे कोणाचा, याची सर्व्हे नंबरसकट यादी अधिसूचनेच्या आधी दोन्ही कार्यालयांच्या भिंतीवर लागली पाहिजे, हरकती-सूचनांसाठी.